नाकाचं ऑपरेशन दुसऱ्यांदा करायचं? आधी हे तपासा

ऱ्हायनोप्लास्टी, म्हणजे नाकाची रचना किंवा रूप सुधारण्याचं ऑपरेशन, झालेल्या शंभर जणांपैकी साधारण ५ ते १५ जणांवर पुढे दुसऱ्या ऑपरेशनची वेळ येते. नाकाला मार बसायला कोल्हापुरात कारणांची वानवा नाही. तालमीतली झोंबी, पेठांचा फुटबॉल, हायवेवरची दुचाकी अशा कशानेही मोडलेलं नाक घाईत बसवलेलं असतं आणि वर्षभराने ते वाकडं दिसायला लागतं, किंवा एक बाजू चोंदलेलीच राहते. शिवाय केवळ दिसण्यासाठी ऑपरेशन करून घेतलेलेही बरेच असतात आणि त्यातल्या काहींचं समाधान झालेलं नसतं.

दुसरं ऑपरेशन, म्हणजे रिव्हिजन, हे पहिल्याची साधी दुरुस्ती नसते. आतले थर एकमेकांना चिकटलेले असतात, रक्तपुरवठा थोडा कमी झालेला असतो आणि आधार द्यायची कूर्चा (मऊ, लवचिक हाड) बहुधा पहिल्या वेळीच काढलेली असते. नुसत्या नाराजीवर डॉक्टरांना काहीच करता येत नाही. त्यांना नेमका दोष लागतो. म्हणून सुरुवात घरीच, कागद-पेन घेऊन करा.

तक्रार एका वाक्यात लिहा

‘नाक चांगलं झालं नाही’ याला तक्रार म्हणत नाहीत. ‘उजव्या कुशीवर झोपलं की उजवी नाकपुडी पूर्ण बंद होते’ ही तक्रार झाली. ‘बाजूने पाहिलं की शेंड्याच्या वर फुगवटा दिसतो आणि शेंडा खाली गेल्यासारखा वाटतो’ हीसुद्धा झाली. एकापेक्षा जास्त तक्रारी असतील तर कोणती सुटली म्हणजे बाकीच्या चालवून घ्याल, तो क्रमही लिहा. पुढे डॉक्टरांना एका तक्रारीसाठी दुसरीवर तडजोड करावी लागली तर हा क्रम त्यांच्या कामाला येतो.

लिहून झालं की ती श्वासाची तक्रार आहे की दिसण्याची, ते ठरवा. बरेचदा दोन्ही असतात आणि दोन्हींचं मूळ एकच निघतं.

श्वासाच्या तक्रारी

आधी त्रास मोजा. जगभर वापरली जाणारी ‘नोज’ नावाची प्रश्नावली पाच प्रश्नांची आहे: नाक भरल्यासारखं वाटणं, नाक बंद होणं, नाकाने श्वास घ्यायला त्रास, झोपेत त्रास, आणि व्यायाम करताना नाकाने पुरेशी हवा न मिळणं. गेल्या महिन्याचा विचार करून प्रत्येकाला ० ते ४ गुण द्यायचे, बेरीज करायची आणि ५ ने गुणायचं. २५ पर्यंत त्रास सौम्य, ३० ते ५० मध्यम, ५५ ते ७५ तीव्र आणि ८० पासून पुढे अतितीव्र समजतात. दर महिन्याला एकदा असे तीन महिने लिहून ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यातली सर्दी आणि साखर कारखान्यांच्या हंगामातली धूळ-राख यांमुळे एका महिन्याचा आकडा फसवू शकतो.

मग आरशासमोर उभं राहून जोरात श्वास आत ओढा. नाकपुडीची कड आत खेचली जाऊन बंद होत असेल तर बाहेरची झडप, म्हणजे नाकपुडीच्या तोंडाशी हवा आत जायची वाट, कमकुवत आहे. कड जागेवर राहून तिच्या वरचा, नाकाच्या मधल्या भागाचा कडेचा पृष्ठभाग आत बसत असेल तर संशय आतल्या झडपेवर घ्यावा. ही आतली झडप म्हणजे दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा आणि वरची कूर्चा यांच्यातला जेमतेम १० ते १५ अंशांचा कोन. नाकातली सर्वांत अरुंद जागा हीच. पहिल्या वेळी नाकावरचा उंचवटा काढताना वरची कूर्चा पडद्यापासून सुटली आणि परत नीट जोडली गेली नाही, तर हा कोन मिटतो.

गालावर बोट ठेवून गाल बाहेर ओढला की श्वास मोकळा होतो का, ही कॉटल चाचणी बरेचजण घरी करून बघतात. पण गाल ओढला की बहुतेकांना बरं वाटतं, त्यामुळे तिच्यावर फार विसंबू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञ बारीक उपकरणाने आतून फक्त झडपेची जागा हलकी उचलून पाहतात. ती चाचणी जास्त खात्रीची. सोबत दुर्बिणीने तपासणी व्हायलाच हवी. ‘नाकाचं हाड वाढलंय’ असं आपण ज्याला म्हणतो तो वाकडा पडदा पहिल्या ऑपरेशननंतरही तसाच राहिलेला असू शकतो. पडदा आणि बाजूचं मांस यांच्यात चिकटे झालेले असू शकतात, किंवा पडद्याला भोक पडलेलं असू शकतं. भोक असेल तर खपल्या धरतात, मधूनमधून रक्त येतं आणि लहान भोकाची श्वासाबरोबर शीळ वाजते.

ही तपासणी कोल्हापुरातल्या सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या, किंवा इतर कुठल्याही मेडिकल कॉलेज रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात होते. त्यासाठी पहिल्याच दिवशी मुंबई गाठायची गरज नाही.

तपासणीआधी दोन गोष्टी बंद करून पाहा. नाक उघडणारे थेंब, म्हणजे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन, पाच दिवसांपेक्षा जास्त घातले की उलटा परिणाम सुरू होतो आणि थेंब उतरले की नाक आणखी चोंदतं. वर्षभर थेंबांवर असलेल्या माणसाचं नाक ऑपरेशनमुळे बंद आहे की थेंबांमुळे, हे कुणालाच सांगता येत नाही. दुसरी गोष्ट तपकीर. ऑपरेशन झालेल्या नाकाचं अस्तर आधीच पातळ असतं, त्यावर रोज तपकीर ओढली तर ते कोरडं पडतं आणि सुजतं. ॲलर्जी असेल तर तिच्यावरही आधी सहा ते आठ आठवडे स्टेरॉइड स्प्रेचा उपचार होऊ द्या. काहींचं काम एवढ्यावरच भागतं.

दिसण्याच्या तक्रारी आणि त्यांची कारणं

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नाव कळलं की डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं.

शेंड्याच्या वरचा फुगवटा ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. बाजूने पाहिलं तर नाक पोपटाच्या चोचीसारखं दिसतं. याची कारणं दोन आणि उपाय वेगवेगळे. एकात पडद्याची कूर्चा तिथे उंच राहिलेली असते किंवा शेंड्याचा आधार गेल्यामुळे शेंडा खाली बसलेला असतो. दुसऱ्यात कूर्चा बरोबर असते, पण जाड त्वचेखाली व्रणाचा ऊतक साचतो. बोटाने दाबून पाहिल्यावर टणक लागलं तर कूर्चा, मऊ लागलं तर व्रण, असा ढोबळ अंदाज येतो. व्रण असेल तर पहिल्या काही महिन्यांत रात्री चिकटपट्टी लावणं आणि ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडचं अगदी थोडं इंजेक्शन यांनी तो बसू शकतो, चाकू लागत नाही. हे इंजेक्शन मात्र वारंवार किंवा वरच्या थरात दिलं तर त्वचा पातळ होते आणि खड्डा पडतो.

समोरून पाहिलं की नाकाच्या मध्यावर उलट्या ‘व्ही’सारखी सावली पडते, तेव्हा हाडाची खालची कड उघडी पडून मधला भाग आत गेलेला असतो. वर सांगितलेल्या झडपेच्या त्रासाचं हेच बाहेरचं रूप. दोन्हींवर उपाय एकच: पडद्याच्या दोन्ही बाजूंना कूर्चेच्या लांब, अरुंद पट्ट्या बसवून कोन उघडायचा. श्वास आणि रूप एकदम सुधारण्याची ही सर्वांत चांगली संधी असते.

चिमटलेला शेंडा आणि वर ओढली गेलेली नाकपुडी यांच्या मागे बहुतेक वेळा एकच चूक असते. नाक बारीक करण्याच्या नादात शेंड्याची कूर्चा गरजेपेक्षा जास्त कापली जाते. कडेची पट्टी ६ ते ८ मिलिमीटर रुंद ठेवावी असा संकेत आहे. त्याहून कमी उरली की व्रण आखडताना ती वाकते आणि कड वर चढते. मांडवाचे बांबू काढले की कापड जसं खाली बसतं आणि त्याला सुरकुत्या पडतात, तसं आधार काढलेल्या नाकाचं होतं. आपल्याकडच्या जाड त्वचेत तर नाक बारीक दिसण्याऐवजी बेढब दिसतं.

खोगीर नाक, म्हणजे मधोमध बसलेला दांडा, हे जास्त गंभीर. पडद्याचं ऑपरेशन करताना वर आणि पुढे किमान १० मिलिमीटरची एल-आकाराची पट्टी राखावी लागते. ती कमी राहिली किंवा तुटली की नाक बसतं. पैलवान आणि फुटबॉलपटूंमध्ये दुसरंही कारण असतं. मार बसल्यावर पडद्यात रक्त साकळतं, ते वेळेत काढलं नाही तर काही दिवसांत कूर्चा मरते. नाकाला मार लागून दोन्ही बाजू चोंदल्या आणि आत लालसर-जांभळा मऊ फुगवटा दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ‘सूज आहे, उतरेल’ म्हणून थांबू नका.

राहिला वाकडेपणा. हाड सरळ केलं पण आतला पडदा वाकडाच राहिला, तर पडदा हळूहळू नाकाला पुन्हा आपल्या बाजूला ओढतो. एकदोन मिलिमीटरचा फरक मात्र प्रत्येकाच्या चेहऱ्यात असतो. तो काढण्यासाठी दुसरं ऑपरेशन करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

सेल्फी, स्थळं आणि आरसा

१२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. सेल्फी बघून घेतलेला निर्णय म्हणूनच चुकतो. कुणाला तरी ५ फुटांवर, तुमच्या नाकाच्या उंचीवर मोबाइल धरायला सांगा. साधी भिंत आणि खिडकीचा समोरून येणारा उजेड पुरतो. समोरून, दोन्ही बाजूंनी, दोन्ही तिरप्या कोनांतून, मान मागे टाकून खालून, आणि एक हसताना असे सात फोटो घ्या. फिल्टर बंद ठेवा.

नाकाचा विचार दिवसातून तासाभरापेक्षा जास्त येत असेल, लग्नकार्य किंवा कॉलेज टाळलं जात असेल, लोकांना न दिसणारा दोष तुम्हाला सतत दिसत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. या अवस्थेत ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी त्रास कमी होत नाही, बहुधा वाढतो. आणि स्थळं बघायला सुरुवात झाली म्हणून घरच्यांनी धरलेला हट्ट हे ऑपरेशनचं कारण होऊच शकत नाही. ज्याचं नाक आहे त्याला त्रास नसेल, तर तो विषय घरातच संपवावा.

किती थांबायचं

किमान १२ महिने. त्वचा जाड असेल तर १८ ते २४. शेंड्यावरची सूज सर्वांत शेवटी उतरते. सहाव्या महिन्यात जो शेंडा जाड वाटतो, तो दीड वर्षाने ठीक दिसतो असं पुष्कळदा होतं. व्रण मऊ होण्याआधी नाक उघडलं तर थर नीट सुटत नाहीत आणि त्वचेला इजा होते.

थांबायचं नाही असे प्रसंगही आहेत. शेंडा लाल होऊन चकाकायला लागणं, सिलिकॉनचं रोपण बाहेर डोकावणं, पू, ताप यांत महिने मोजायचे नसतात. पहिल्या एकदोन आठवड्यांत पुन्हा मार लागून हाड सरकलं, तर ते लगेच बसवता येतं. नंतर ते जुळून जातं.

या काळात पार्लरमध्ये किंवा क्लिनिकमध्ये ‘पाच मिनिटांत नाक सरळ’ म्हणून फिलरचं, म्हणजे त्वचेखाली भरायच्या जेलचं, इंजेक्शन देतात, त्यापासून लांब राहा. ऑपरेशन झालेल्या नाकातल्या रक्तवाहिन्यांची रचना बदललेली असते. फिलर रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा काळी पडून मरते आणि क्वचित दृष्टी जाते. हे धोके साध्या नाकातही आहेत, ऑपरेशन झालेल्या नाकात ते वाढतात.

जुने कागद मिळवा

पहिल्या दवाखान्याकडून ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्ड, आधीचे फोटो आणि सीटी स्कॅन मागा. ऑपरेशन नोटमध्ये कूर्चा कुठून काढली, किती काढली, काय बसवलं, टाके कुठले, हे असतं. रोपण असेल तर त्याचा स्टिकरही मागा. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. अर्ज लेखी करा आणि पोच घ्या. तीन वर्षं उलटायच्या आत हे काम उरका, ऑपरेशन करायचं नक्की नसलं तरी.

डॉक्टर निवडताना

एम.एस. किंवा डी.एन.बी. (कान-नाक-घसा), नाहीतर एम.सीएच. किंवा डी.एन.बी. (प्लास्टिक सर्जरी) ही पदवी पाहा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. एवढं मात्र पुरत नाही. रिव्हिजन हे वेगळं कौशल्य आहे. थेट विचारा: वर्षाला रिव्हिजनच्या किती केसेस करता? बरगडीची कूर्चा स्वतः काढता का? वर्षभरानंतरचे फोटो दाखवाल का? माझ्या नाकात काय साधणार नाही? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जे सविस्तर देतात, त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवावा. संगणकावर बनवलेलं नाक हा अंदाज असतो, हमी नव्हे.

किमान दोन मतं घ्या. पुणे कोल्हापूरहून साधारण २३० किलोमीटर आहे. तिकडे ऑपरेशन करायचं ठरलं तर पट्टी निघेपर्यंत, म्हणजे ७ ते ८ दिवस, तिथेच राहायची सोय करा. रक्तस्रावाचा धोका पहिल्या दिवशी आणि पुन्हा पाचव्या ते दहाव्या दिवसांत असतो. घरी परतल्यावर धावून येईल असा कोल्हापुरातला कान-नाक-घसा तज्ज्ञ आधीच सांगून ठेवा.

विम्याचंही तेव्हाच पाहा. केवळ रूपासाठीचा खर्च पॉलिसीत बसत नाही. अपघातानंतरची पुनर्रचना किंवा श्वासाच्या अडथळ्यासाठी वैद्यकीय गरज म्हणून केलेलं काम बसू शकतं, पण दुर्बिणीचा अहवाल, सीटी स्कॅन आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून आधी मंजुरी घ्यावी लागते.

कूर्चा कुठून येणार

रिव्हिजनमध्ये काढायचं कमी आणि भरायचं जास्त असतं, त्यामुळे हा प्रश्न टाळता येत नाही. पडद्यात शिल्लक असेल तर पहिली पसंती तिलाच, ती सरळ आणि टणक असते. कानाची कूर्चा मागून छेद घेऊन काढतात आणि कानाचा आकार फारसा बदलत नाही. पण ती वाकडी आणि मऊ असल्याने शेंडा आणि नाकपुडीच्या कडेला चालते, दांडा उभा करायला कमी पडते.

खोगीर नाकाला किंवा फार कापलेल्या नाकाला बहुधा सहावी-सातवी बरगडी लागते. छातीवर २ ते ४ सेंटिमीटरचा छेद येतो, स्त्रियांमध्ये तो स्तनाखालच्या घडीत लपवतात. एकदोन आठवडे खोकताना-हसताना दुखतं. बरगडीचे दोन दोष माहीत असू द्या. ती पुढे वाकू शकते. म्हणून मधल्या गाभ्यातून पट्टी कापून, काही वेळ सलाइनमध्ये ठेवून, वाकते का ते पाहून मग बसवतात. आणि वय वाढलं की तिच्यात कॅल्शियम साठतं, त्यामुळे चाळिशीनंतर आधी सीटी स्कॅन करून पाहणं शहाणपणाचं. फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा धोका छोटा असला तरी तो संमतिपत्रात लिहिलेला असायला हवा.

सिलिकॉनने छातीवरचा छेद वाचतो. पण व्रण पडलेल्या, पातळ त्वचेखाली त्याला जंतुसंसर्ग होण्याची आणि ते बाहेर येण्याची भीती जास्त.

ऑपरेशनआधीचा महिना

तंबाखू चार आठवडे आधी पूर्ण बंद, आणि नंतरही किमान चार आठवडे. यात मिश्री येते. ‘काही व्यसन आहे का?’ या प्रश्नाला घरातल्या बायका ‘नाही’ म्हणतात, कारण सकाळची मिश्री त्यांच्या लेखी व्यसनात मोडत नाही. निकोटिन कुठल्याही वाटेने गेलं तरी त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि रिव्हिजनमध्ये शेंड्याची कातडी त्यामुळे मरू शकते. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल आणि काढे दोन आठवडे आधी थांबवा. रक्त पातळ ठेवणारं ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. सर्दी झाली असेल तर तारीख पुढे ढकला.

नंतरचे दिवस

ऑपरेशन बहुधा पूर्ण भूल देऊन, खालून नाकपुड्यांमधल्या दांडीवर छोटा छेद घेऊन करतात. तीन ते पाच तास लागतात, बरगडी घेतली तर जास्तही. वरची पट्टी आणि टाके सातव्या दिवसाच्या आसपास निघतात. डोळ्यांखालचे काळे डाग दोन आठवड्यांत जातात.

दोन आठवडे दोन उशा घेऊन, डोकं वर ठेवून झोपा. पहिले ४८ तास बर्फ डोळ्यांवर आणि गालांवर फिरवा, नाकावर नको. सलाइनचा फवारा दिवसातून चार ते सहा वेळा. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. जलनेती, नाकात तेल सोडणं, वाफारा हे डॉक्टर सांगेपर्यंत बंद. तांबडा रस्सा आणि कट पहिले दोन आठवडे टाळा, तिखटाने नाक वाहतं आणि मिठाने सूज राहते. पांढऱ्या रश्श्यातही मीठ कमीच घाला.

चष्मा सहा आठवडे नाकावर टेकू द्यायचा नाही, कपाळाला चिकटपट्टीने अडकवा. पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट घालताना-काढताना नाकाला घासतं, त्यामुळे तेवढे दिवस दुचाकीच नको. पोहणंही तेवढंच थांबवा. जोर-बैठका आणि जिम चार आठवड्यांनी, हलक्या व्यायामापासून. कुस्ती आणि फुटबॉल किमान तीन महिने नाही, बरगडी घेतली असेल तर डॉक्टर सांगतील तोवर. अजून मैदानात उतरणाऱ्या पैलवानाने आता फक्त श्वासाचं काम करून घ्यावं आणि दिसण्याचं लंगोट उतरवल्यावर. नाही तर तेच नाक पुन्हा मोडेल.

नथीकडे लक्ष द्या. टोचलेली चमकी ऑपरेशनआधी काढावी लागते आणि भोक बुजू शकतं. दाबाची नथ त्याहून वाईट, कारण तिचा चिमटा नेमका नाकपुडीच्या कडेवर बसतो आणि नवी कूर्चाही तिथेच बसवलेली असते. तीन महिने ती लावू नये. तुळशीच्या लग्नानंतर घरात कार्य असेल तर ऑपरेशन त्याआधी किमान तीन महिने, नाही तर कार्य उरकल्यावर.

तपासणी पहिल्या आठवड्यात, मग १, ३, ६, १२ आणि २४ महिन्यांनी. प्रत्येक वेळी तेच सात फोटो, त्याच अंतरावरून, आणि ‘नोज’चा गुण. अचानक भरपूर रक्त येणं, ताप, वाढत जाणारं दुखणं, शेंड्याचा रंग पांढरा किंवा निळसर होणं, बरगडी घेतली असेल तर श्वास लागणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रात्रीसुद्धा फोन करा.